रंगाचं गाव

शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो. पण मादागास्कर बेटाच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर राहणारा पँथर शॅमेलिऑन पाहिला की या उपमेत केवढा अन्याय आहे ते कळतं. हा सरडा रंग बदलतो हे खरं, पण आपलं गाव कधी सोडत नाही. नोसी बे या बेटावरचा नर हिरवा-निळसर, समुद्राच्या पाण्याच्या छटेचा. समोरच्या मुख्य भूमीवर अंबांझाच्या परिसरात तोच प्राणी हिरव्या अंगावर गडद निळे पट्टे घेऊन वावरतो. तिथून सुमारे 100 किलोमीटरवर अंबिलोबे आहे. तिथे पट्टे लालही असतात आणि निळेही, आणि मधलं अंग पिवळसर हिरवं. अंकारामीकडचा नर चक्क गुलाबी. पूर्व किनाऱ्यावर खाली तामाताव्हपर्यंत जावं, तर तांबूस छटा वाढत जाते. दीड फुटांपर्यंत वाढणारा हा नर झाडाच्या फांदीवर नुसता बसलेला दिसला, तरी तिथल्या प्राण्यांची चांगली ओळख असलेला माणूस तो कुठल्या भागातला हे बहुतेक वेळा सांगू शकतो.

मग रंग बदलतो म्हणजे काय होतं? जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली याचा उलगडा केला. या सरड्याच्या कातडीतल्या काही पेशींमध्ये ग्वानिन नावाच्या द्रव्याचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. नर शांत असतो तेव्हा ते एकमेकांच्या जवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर कातडीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा थर आला की आपल्याला हिरवं दिसतं. समोर दुसरा नर आला, किंवा मादी दिसली, की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरवं अंग पिवळं, नारिंगी होऊ लागतं. निळे पट्टे फिकट पांढुरके होतात, लाल भाग अधिक उजळतो. हे सगळं काही मिनिटांत घडतं. पानात लपण्यासाठी हा खटाटोप नाही, उलट उठून दिसण्यासाठी आहे. आणि एवढं होऊनही पट्टे जिथे होते तिथेच राहतात. नोसी बेचा नर कितीही चिडला तरी त्याच्या अंगावर अंबिलोबेचे लाल पट्टे उमटत नाहीत. बदलायची मुभा आहे, पण ती जन्मभूमीने आखून दिलेल्या मर्यादेत.

ही मर्यादा त्याला कोणी शिकवत नाही. मादी जमिनीत बीळ खणून 10 ते 40 अंडी घालते, माती नीट लोटते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला 6 ते 12 महिने लागतात. बाहेर येतात ती सगळी मातकट, करड्या रंगाची, नर-मादी ओळखू न येणारी. बाप कधी दिसत नाही, आई भेटत नाही. काही महिने जातात आणि नर पिल्लाच्या अंगावर आपोआप त्या परिसराचा रंग चढू लागतो.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त विचार करायला लावते ती मादी. तिच्याबद्दल लिहिलं जातं फार थोडं, कारण ती दिसायला साधी असते. भुरी, फिकट पीच रंगाची, कधी गुलाबीकडे झुकणारी. गाभण राहिली की गडद होते आणि अंगावर नारिंगी-गुलाबी छटा येतात. नराला ती त्या रंगांतून सांगते, की आता जवळ येऊ नकोस. पण अंबिलोबेची मादी आणि नोसी बेची मादी शेजारी ठेवल्या, तर रंगावरून त्यांची गावं सांगता येत नाहीत. असं असूनही तिच्या मुलाच्या अंगावर जो रंग उमटतो, त्यात अर्धा वाटा तिचा असतो. एका गावचा नर आणि दुसऱ्या गावची मादी एकत्र आली, तर पिल्लांत दोन्हीकडची सरमिसळ दिसते. म्हणजे गावाचा रंग ती स्वतःच्या अंगावर न मिरवता पुढच्या पिढीला देत असते. हे सरडे पाळणाऱ्यांच्या जगात म्हणूनच मादी कुठून आणली याची नोंद फार मोलाची. नराची नोंद हरवली तर त्याची कातडी बोलते. मादीची हरवली, की पाहून काहीच कळत नाही.

तिचं गाव कळतं ते रक्तातून. 2015 मध्येच मिशेल मिलिंकोविच यांच्या जिनिव्हातल्या गटाने मादागास्करमधल्या सहकाऱ्यांबरोबर या सरड्यांचा दुसरा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 324 सरडे, प्रत्येकाच्या रक्ताचे दोन थेंब आणि छायाचित्रं. रक्तातल्या जनुकांवरून जे गट पडले ते भूगोलाशी जुळले, आणि नरांचे रंग संगणकाने तपासले तेव्हा तेही त्या गटांशी मोठ्या प्रमाणात जुळले. गट एकमेकांत फारसे मिसळलेले नाहीत, असं दिसलं. या संशोधकांचं म्हणणं असं, की आपण जिला एक जात समजतो ती प्रत्यक्षात 11 वेगळ्या जाती असाव्यात. जॉर्ज क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1829 साली या प्राण्याला एकच नाव दिलं. अधिकृत यादीत ते आजही एकच आहे.

या एकाच नावाचा परिणाम साधा नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघटनेच्या लाल यादीत पँथर शॅमेलिऑन धोक्याबाहेरच्या प्राण्यांत आहे, आणि संपूर्ण जातीचा विचार केला तर ते बरोबरही आहे. हा सरडा घनदाट जंगलावर अडून बसत नाही. रस्त्याकडेची झुडपं, गावाची कड, कॉफी आणि इलांग-इलांगच्या बागा त्याला चालतात. पण एकूण संख्या भरपूर आहे, याने अंकारामीच्या गुलाबी सरड्याला काही दिलासा मिळत नाही. त्याची जागा लहान आहे. मादागास्करमध्ये शेतीसाठी झाडी जाळली जाते, कोळशासाठी तोडली जाते, आणि जगभरच्या हौशी लोकांना नेमका दुर्मीळ रंगच हवा असतो. एखाद्या छोट्या टापूतली झाडी गेली, वर तिथले सरडेही वेचले गेले, तर तो रंग पुन्हा दुसरीकडून आणता येणार नाही. परदेशात पाठवण्याचे परवानेसुद्धा जातीच्या एकाच नावाने निघतात.

नावं 11 द्यायची की एकच ठेवायचं, हा वाद शास्त्रज्ञ आपल्या वेळेने मिटवतील. संरक्षणाने त्यासाठी थांबू नये. या सरड्याची मोजणी टापूनुसार व्हावी, परवाने टापूनुसार निघावेत, आणि त्या मोजणीत साध्या भुऱ्या माद्याही तितक्याच काळजीने धराव्यात.