हप्त्यात दडवलेला दंड

अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सचे प्रमुख एड बास्टियन यांनी ऑगस्ट २०२१मध्ये कर्मचाऱ्यांना कळवलं, की ज्यांनी कोविडची लस घेतलेली नाही, त्यांना १ नोव्हेंबरपासून आरोग्यविम्यापोटी दरमहा २०० डॉलर जादा भरावे लागतील. कारण सरळ पैशाचं होतं. कोविडमुळे इस्पितळात दाखल झालेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे कंपनीला सरासरी ५० हजार डॉलर मोजावे लागत होते, आणि कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च कंपनी स्वतःच्या तिजोरीतून भागवत होती. घोषणेच्या वेळी सुमारे ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी लस घेतली होती. काही आठवड्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. एप्रिल २०२२मध्ये कंपनीने हा जादा आकार मागे घेतला.

उपाय लागू पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. लसींनी असंख्य जीव वाचवले आणि ज्यांनी त्या हट्टाने नाकारल्या त्यांनी स्वतःला व इतरांना विनाकारण धोक्यात घातलं, असं माझं ठाम मत आहे. तरीही विम्याचा हप्ता वाढवण्याचा हा मार्ग मला चुकीचा वाटतो.

समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा तंबाखूचा आहे. अमेरिकेच्या २०१०च्या आरोग्यविमा कायद्याने व्यक्तिगत विमा घेणाऱ्याच्या प्रकृतीवरून हप्ता ठरवायला बंदी घातली. वय, राहण्याचं ठिकाण, कुटुंबाचा आकार आणि तंबाखू एवढ्याच गोष्टींना जागा ठेवली. तंबाखू सेवन करणाऱ्याकडून दीडपटीपर्यंत हप्ता घेता येतो. मालकांना कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी बक्षीस किंवा जादा आकार ठेवण्याची वेगळी मुभा आहे, आणि डेल्टाचा आकार त्याच मुभेत बसला. मग विडीकाडी ओढणाऱ्याला जास्त हप्ता आणि लस नाकारणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय? उलट व्यसन सुटता सुटत नाही. मोफत मिळणारी लस घ्यायला एक दुपार पुरते. म्हणजे लसीवरचा आकार जास्तच न्याय्य ठरतो.

या युक्तिवादाने मला बराच काळ अडवून धरलं. पण तंबाखूच्या आकाराचं पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये दाखवलं, की मोठा आकार लावल्यावर धूम्रपान करणाऱ्यांपैकी विमा घेणारेच कमी झाले. धूम्रपान सोडणाऱ्यांचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. ज्याला उपचारांची गरज पडण्याचा संभव जास्त, तोच संरक्षणाबाहेर गेला. डेल्टाची नोकरी चांगली होती, म्हणून माणसं लस घेऊन राहिली. तुटपुंज्या पगाराचा माणूस लसही घेणार नाही आणि विमाही सोडून देईल. मग आजारी पडल्यावर कर्ज काढेल, किंवा शेवटच्या क्षणी इस्पितळाच्या तातडीच्या विभागात पोचेल.

आता हिशेबच करायचा तर नीट करू. लस न घेतलेल्या २५ वर्षांच्या धडधाकट तरुणावर येणारा अपेक्षित खर्च, लस घेतलेल्या साठीच्या मधुमेही सहकाऱ्यापेक्षा कमी असू शकतो. जोखमीप्रमाणे हप्ता हेच तत्त्व असेल, तर आकार त्या सहकाऱ्यावर लावावा लागेल, आणि ते आपल्याला नको आहे. नको असणंच योग्य आहे. शिवाय डेल्टाचे २०० डॉलर सगळ्यांना सारखे होते, वय वा प्रकृती काहीही असो. जोखमीची किंमत अशी सपाट नसते. ती रक्कम वर्तनाबद्दलची शिक्षा होती, फक्त हप्त्याच्या रकान्यात लिहिलेली. वैमानिकाला ती जाणवली नसेल; सामान चढवणाऱ्याच्या पगाराला मात्र तिने भोक पाडलं असेल.

आणि लस नाकारणाऱ्याबद्दल आपला खरा राग त्याच्या इस्पितळाच्या बिलावर आहे का? नाही. तो इतरांना आजार देईल, दुसऱ्याला हवी असलेली खाट अडवेल, याचा तो राग आहे. हे नुकसान समाजाचं आहे. त्याची भरपाई विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या खात्यात जमा का व्हावी?

याहून प्रामाणिक उदाहरण अमेरिकेतच आहे. देवीच्या साथीत, १९०२मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराने प्रौढांना लस सक्तीची केली. नाकारणाऱ्याला ५ डॉलर दंड. हेनिंग जेकबसन नावाच्या पाद्र्याने तो भरायला नकार दिला आणि लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९०५मध्ये तो हरला. निकाल कुणाला पटो न पटो, इथे कायदा लोकांसमोर झाला, रक्कम सगळ्यांना ठाऊक होती, आणि एका सामान्य माणसाला राज्याला जाब विचारता आला. मालकाच्या हप्त्याविरुद्ध असं उभं राहणं फार कठीण असतं.

भारतात हा प्रश्न विम्याच्या वाटेने आला नाही, रेल्वेच्या आला. १५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी खुली झाली, ती दोन डोस घेतलेल्यांनाच. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याला हा नियम शिवलाही नाही. झळ लोकलवाचून कामावर पोचू न शकणाऱ्याला बसली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात म्हटलं, की कुणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती प्रमाणशीर हवीत. लसीनंतरच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, असंही न्यायालयाने केंद्राला सांगितलं. निकालातला हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण लस नाकारणाऱ्यांत हटवादी असतात तसे भ्यालेलेही असतात, आणि भीतीवर जादा हप्त्याचा इलाज चालत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा गरज पडल्यास सरकारने उघडपणे कायदा करावा, दंड उत्पन्नाच्या प्रमाणात ठेवावा, वैद्यकीय कारण असलेल्यांना सूट द्यावी, आणि लसीमुळे कुणाला इजा झालीच तर तिची भरपाई स्वतः करावी. अशा कायद्याच्या बाजूने मी मत देईन. आजारी माणसाचा विमा मात्र या वादाबाहेर राहिला पाहिजे, मग तो माणूस कितीही चुकलेला असो.