रडीचा डाव

अद्भुतकथेत खेळाच्या सामन्यांचे काय काम, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. फराळाच्या ताटाशी बसून त्याची चर्चा कशाला, असेही कुणी विचारील. पण मी चिंचवड-चाकण पट्ट्यात मुलांना मराठी शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही गाठतो आणि घरी लिहायच्या मेजावरही.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटरच्या सात कादंबऱ्या १९९७ ते २००७ या काळात निघाल्या. पहिली मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आली. या मालिकेत क्विडिच नावाचा खेळ आहे. दोन्ही संघांत सात-सात गडी, आणि सारे झाडूवर बसून आकाशात! मोठा चेंडू कड्यातून गेला की १० गुण. पण इवलासा सोनेरी स्निच ज्याने पकडला, त्याच्या संघाला एकदम १५० गुण, आणि खेळ तिथेच खलास. हा स्निच पकडण्याचे काम अर्थातच नायकाकडे.

वर्गातली काही मुले ही पाने भराभर उलटतात. “सर, शेवटी तोच जिंकणार ना?” असे एकाने मला विचारले. त्या प्रश्नात सारा आक्षेप आला. मैदानावर निकाल कुणालाच ठाऊक नसतो. कादंबरीत तो लेखकाच्या खिशात असतो. गल्लीत ज्याची बॅट, तो सहसा बाद होत नाही. लेखकाची तर बॅटही त्याची, चेंडूही त्याचा आणि पंचही त्याचाच! शिवाय एकाच्या झेपेने १५० गुण मिळणार असतील, तर बाकी सहा जणांनी घाम कशासाठी गाळायचा? असेंब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्या आमच्या पालकांना हे पटणे कठीण. तिथे एक बोल्ट सैल राहिला तरी गाडी पुढे जात नाही.

असा सामना म्हणजे रडीचा डाव. तो कथेतून काढून टाकला तर काही बिघडत नाही.

पण खेळ नेहमी असाच येतो का? त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागात हॅरीचा संघ स्पर्धेत २०० गुणांनी मागे असतो. म्हणून संघाने ५० हून अधिक गुणांची आघाडी घेतल्याशिवाय त्याने स्निचला हात लावायचा नाही. इथे नायकाला सोबत्यांच्या श्रमांची वाट पाहावी लागते. चौथ्या भागात बल्गेरियाचा क्रुम स्निच पकडतो आणि तरीही आयर्लंड १७० विरुद्ध १६० असे जिंकते. सहाव्या भागात तर अंतिम सामन्याच्या वेळी हॅरी शिक्षा भोगत असतो आणि त्याचा संघ त्याच्यावाचून जिंकतो. नायकाला यापेक्षा मोठा धडा कोणता मिळणार?

आपल्याकडे हे नवे नाही. महाभारताच्या आदिपर्वात राजपुत्रांची विटी विहिरीत पडते आणि ती काढून देणारे द्रोण त्यांचे गुरू होतात. सभापर्वातले द्यूत गाळले, तर महाभारतच उरत नाही. जो स्वतःला आधीच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न त्या पटावरच जन्मला. आणि आमच्या शेजारच्या देहूला तुकोबांनी विटीदांडू, हमामा, फुगडी यांवर अभंग रचले. परमार्थ सांगायला त्यांना खेळ हलका वाटला नाही.

मला वाटते, अद्भुतकथेला तर खेळाची गरज अधिक आहे. जिथे मंत्राने काहीही घडते, तिथे कशालाच मोल राहत नाही. खेळ त्या जगात चुन्याची रेघ आखतो. रेघेच्या आत जादूगारालाही नियम पाळावा लागतो. राक्षसापुढे नायक हरला तर जग बुडते. सामन्यात हरला तर उद्या पुन्हा खेळता येते. हरूनही जगता येते, हे मुलाला दुसरीकडे कुठे कळणार?

आमच्या भागात रातपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो. पोराला दारात चेंडू आपटायची सोय नसते. ते पोर कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसते. त्या दुपारी त्याचे मैदान त्या पानांतच असते. तिथेही आपण त्याच्याशी रडीचा डाव खेळावा काय? लेखकाने खेळ जरूर लिहावा. पण लिहायला बसताना नायकाला हरू देण्याची तयारी ठेवावी. ती नसेल, तर सरळ लढाई लिहावी. निदान तिथे पंच असल्याचे सोंग तरी आणावे लागत नाही.