परक्याच्या हातचा घास

प्रवासाला निघणाऱ्या माणसाला घरातली वडीलधारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांत 'तिथे खाशील काय?' हा प्रश्न सर्वांत जुना असावा. पूर्वी तो पंढरपूरला, तुळजापूरला किंवा काशीला निघालेल्यांना विचारला जाई. आता भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद या तालुक्यांतील मराठी घरांची नातवंडे हैदराबाद, पुणे, बेंगळुरू या वाटेने तोक्योपर्यंत पोहोचली आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ आई-वडीलही तिकडे जाऊन येऊ लागले आहेत. वाट बदलली, प्रश्न तोच राहिला. वरवर तो पोटाचा वाटतो. पण त्याच्या आत आणखी दोन प्रश्न दडलेले आहेत. कोणाच्या हातचे खावे, हा एक. आणि खाल्ल्यानंतर त्या हाताचे आपण काय लागतो, हा दुसरा. या दोन प्रश्नांचाच येथे विचार करावयाचा आहे.

जपानचे उदाहरण यासाठी सोयीचे, की तेथे शाकाहारी माणसाची कसोटी फार सूक्ष्म रीतीने लागते. ताटात मांसाचा तुकडा दिसला तर तो बाजूला सारता येतो. परंतु जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले 'दाशी' नावाचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. कोम्बु ही समुद्रवनस्पती आणि धुरी देऊन वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस, म्हणजे कात्सुओबुशी, यांपासून ते सामान्यतः काढतात. मिसोचे सार, शेवयांचा रस्सा, उकडलेली भाजी, सर्वांत ते उतरलेले असते. 'यात मासा नाही ना?' असे विचारले, तर वाढणारा माणूस प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकतो. कारण त्याच्या लेखी मासा म्हणजे माशाचा तुकडा. दोघांपैकी कोणी खोटे बोललेले नसते आणि तरीही नियम मोडलेला असतो. अशा वेळी काही जण हॉटेलच्या खोलीत शिदोरी सोडतात. काही जण स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या सहलींतून जातात. काही जण 'परदेशात सर्व चालते' असे म्हणून मोकळे होतात. यांतला योग्य मार्ग कोणता, हे ठरविण्यापूर्वी आपल्याच उंबऱ्याशी असलेल्या एका कथेकडे वळणे उपयोगाचे होईल.

गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात गाणगापुरातील एका वेदज्ञ ब्राह्मणाची कथा आहे. परान्न घ्यावयाचे नाही, असे त्याचे व्रत होते. त्याच्या पत्नीला मात्र श्रीमंताघरच्या पंक्तीची ओढ होती. तिने नृसिंहसरस्वतींकडे गाऱ्हाणे नेले. गुरूंनी त्या ब्राह्मणाला पत्नीची इच्छा पुरविण्यास सांगितले. ती भोजनास गेली आणि आपल्याच पंक्तीत कुत्री व डुकरे जेवत असल्याचे दृश्य तिला दिसले. त्यानंतर तिने परान्नाचे नाव घेतले नाही. ही कथा आपण परान्नाच्या निषेधाची म्हणून ऐकत आलो. परंतु ती जेथे घडली, त्याच गाणगापुरात दररोज मध्यान्ही भक्त झोळी घेऊन घरोघर मधुकरी मागतात आणि स्वतः दत्तात्रेय कोणत्या तरी रूपाने त्या वेळी भिक्षेस येतात, अशी श्रद्धा आहे. मधुकरी हे परान्नच नव्हे काय? एकाच क्षेत्री परान्न निषिद्धही आणि पवित्रही, हे कसे?

उत्तर असे दिसते, की दोष परक्या हातात नव्हता. तो खाणाऱ्याच्या मनातील लोभात होता. श्रीमंताची पंक्त शोधत जाणारा आणि पाच दारी मूठमूठ मागणारा, दोघेही दुसऱ्याचेच अन्न खातात. पण पहिल्याला ते आपला भोग वाटते, तर दुसऱ्याला ते दुसऱ्याचे दान आहे याचे भान असते. झोळी खांद्याला लावली की कुळ, वतन, विद्या यांचा ताठा उंबऱ्याबाहेर ठेवावा लागतो. म्हणून मागणे हे तेथे साधन मानले गेले.

दुर्दैवाने आपल्या समाजाने त्या कथेतले भान सोडले आणि निषेध तेवढा धरून ठेवला. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची नावे पुढे वृत्तपत्रात छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी झाली. टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. एवढे रण माजले ते एका पेल्यावरून. त्या पेल्यात मद्य नव्हते, मांस नव्हते. आक्षेप पदार्थाला नव्हता; तो हाताला होता.

याच सुमारास जपानही आपल्या ताटाविषयी वाद घालीत होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इ.स. 675 मध्ये तेन्मु या सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. पुढील अनेक शतके चतुष्पादांचे मांस तेथे सामान्यतः त्याज्य समजले जाई, जरी ते पूर्णपणे कधीच थांबले नाही. 1872 साली मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुना संकोच राजमान्यतेनेच मोडला गेला. तेव्हा 'जपानी लोक काय वाटेल ते खातात' असे म्हणणाऱ्याने हा इतिहास जाणून घ्यावा. ताटाभोवती रेषा आखणे आणि ती पुसणे, हे आपल्या एकट्याचे दुखणे नाही.

आता मूळ प्रश्न. आपण एखादे अन्न नाकारतो तेव्हा त्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात. पहिले व्रत: हिंसा नको, मद्य नको, चातुर्मासात कांदा-लसूण नको, असा विचारपूर्वक स्वीकारलेला संयम. दुसरे सवय: जिभेला न रुचणे, वासाने पोटात ढवळणे. तिसरे प्रतिष्ठा: 'याच्या हातचे मी कसे खाऊ?' ही भावना. पहिल्यात नीती आहे, दुसऱ्यात केवळ प्रकृती आहे आणि तिसऱ्यात अन्याय आहे. अडचण अशी, की तिन्हींची भाषा एकच असते. 'आमच्यात चालत नाही' एवढे तीन शब्द उच्चारले, की यांतले नेमके काय बोलले गेले हे ऐकणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा बोलणाऱ्यालाही कळत नाही. चहाच्या हॉटेलात काहींसाठी वेगळे कप ठेवण्याची रीत अनेक गावांनी पाहिली आहे. ती पाळणारेही तिला आचारधर्म म्हणत. सीमाभागातील आपल्या जुन्या घराण्यांनी, विशेषतः देशमुखी-कुलकर्ण्यांच्या वाड्यांनी, पंक्तिभेदाचा हा वारसा सोवळ्याच्या नावाखाली किती काळ सांभाळला, हे आठवून पाहण्यासारखे आहे.

या तिन्हींची पारख करण्यास एक साधी कसोटी पुरेशी वाटते: नियमाचे ओझे कोण वाहतो? खऱ्या व्रतात ते व्रत घेणारा स्वतः वाहतो. तो उपाशी राहतो, फळांवर भागवितो, पण समोरच्याला अपराधी ठरवीत नाही. खोट्या व्रतात ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. यजमानाने धावाधाव करावी, वेगळी भांडी काढावी, वर अपमानही गिळावा. जपानमधील लहानशा खाणावळीत आठ-दहा माणसांची जागा आणि एकच आचारी असतो. तेथे बसून त्याच्या ठरलेल्या पदार्थांतून हे काढा, ते बदला असा हट्ट धरणारा आणि न मिळाल्यास नाक मुरडणारा प्रवासी शाकाहारी असेल, व्रती नव्हे. तोच जर आधी चौकशी करून गेला, साध्या भातावर आणि लोणच्यावर समाधानाने उठला, तर त्याने आपला नियमही राखला आणि यजमानाचा मानही.

यावर कोणी म्हणेल, की परदेशी गेल्यावर यजमानाचे मन राखणे हाच श्रेष्ठ धर्म. नियम घरी ठेवावेत. हे म्हणणे उदार वाटले तरी टिकणारे नाही. मन राखण्यासाठी सोडलेली अहिंसा ही सोयीची अहिंसा होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय जपानच्या परंपरेला संयम परका आहे, हे गृहीतच चुकीचे आहे. बौद्ध मठांतील 'शोजिन रियोरी' या पाकपद्धतीत मांस-मासे वर्ज्य आहेत. कांदा-लसणासारखे उग्र पदार्थही वर्ज्य आहेत. कोया पर्वतावरील मंदिरांत मुक्काम करणाऱ्या यात्रेकरूला असेच जेवण वाढतात. आपल्या चातुर्मासाची ओळख पटावी, असे हे ताट आहे.

या परंपरेत दोगेन या आचार्याने 1237 साली मठातील आचाऱ्यासाठी लिहिलेला एक ग्रंथ आहे. त्यात तो आपली एक आठवण सांगतो. 1223 साली तो चीनच्या बंदरात जहाजावर असताना एक वृद्ध भिक्षू अळंबी विकत घेण्यास आला. तो दूरच्या मठातील मुख्य आचारी होता. दोगेनने त्यास मुक्कामाचा आग्रह केला. पण उद्याचा स्वयंपाक आपल्यालाच करावयाचा आहे, म्हणून तो थांबेना. या वयात ध्यान-अध्ययन सोडून हे काम का, असे विचारताच तो हसला आणि साधना म्हणजे काय हे तुला अजून उमगलेले नाही, अशा अर्थाचे बोलला. खाणाऱ्याच्या शुद्धीची चर्चा आपण पुष्कळ केली. रांधणाऱ्याच्या साधनेची किती केली?

खरे तर केली आहे, आणि ती आपल्याच परिसरात. कल्याणच्या शरणांनी बाराव्या शतकात दासोहाची कल्पना मांडली आणि कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांनी ती आपल्या आयुष्यभर चालविली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बीदरच्या बादशहाची कोठारे खुली केली, ही कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. बीदरच्या नानक झिरा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरची पंगत बसते, तिच्यात शेजारी कोण बसला हे विचारण्याची सोय नाही. लंगरची एक बाजू येथे विशेष महत्त्वाची. शीख समाजातील सर्वच जण शाकाहारी नसतात; परंतु लंगरचे अन्न शाकाहारी ठेवलेले असते, जेणेकरून कोणालाही त्या पंक्तीतून उठावे लागू नये. येथे संयमाचे ओझे यजमानाने आपण होऊन उचलले आहे. पाहुण्याने आपले व्रत यजमानावर लादू नये, आणि यजमानाने मात्र पाहुण्याचे व्रत आपले मानावे. ही विषमता अन्यायाची नाही. दोन्हीकडून ओझे स्वतः उचलण्याची ती तयारी आहे.

दुसरा प्रश्न ऋणाचा. खाणावळीत पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, असे आपण मानतो. जपानमध्ये वरकड बक्षिसी देण्याची रीत नाही. ठेवलेले पैसे विसरले म्हणून परत आणून देतात. पण जेवणाच्या आरंभी 'इतादाकिमासु', म्हणजे 'मी नम्रपणे स्वीकारतो', असे म्हणतात आणि शेवटी 'गोचिसोसामा' म्हणतात. या दुसऱ्या शब्दाच्या मुळाशी धावपळीचा अर्थ आहे: पाहुण्यासाठी अन्न गोळा करताना यजमानाने केलेली धावपळ. पैसे चुकते करूनही हा शब्द उच्चारतात. कारण धावपळीची किंमत पावतीवर लिहिलेली नसते. पेयपानातही अशीच एक रीत आहे. मंडळी बसली असता स्वतःचा प्याला स्वतः भरावयाचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरावा, आपला शेजारी भरील. मद्य न घेणाऱ्याने आपल्या प्याल्यात चहा घ्यावा आणि दुसऱ्याला ओतून द्यावे. त्याचा नियम अभंग राहतो आणि सोबतही राहते.

ऋण फिटत नाही, पण पुढे देता येते. रासबिहारी बोस 1915 साली तोक्योत परागंदा असताना शिंजुकु येथील नाकामुराया या पावभट्टीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना लपविले. पुढे बोस त्यांचे जावई झाले. 1927 साली त्याच नाकामुरायात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, ती बोसांनी शिकविलेली. ज्या घराने आसरा दिला, त्या घराला पाहुण्याने आपल्या मातीची चव दिली.

तरीही सुरुवातीचा पेच उरतोच: नकळत पोटात गेलेल्या दाशीचे काय? माझ्या मते, जाणून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न केल्यावरही जे घडले, त्याचा दोष खाणाऱ्याला नाही आणि वाढणाऱ्याला तर मुळीच नाही. कळल्यानंतर पुढल्या वेळी दूर राहावे. वाढणाऱ्याला दूषण देऊ नये. मात्र 'न विचारलेलेच बरे' म्हणून मुद्दाम डोळे मिटणे ही अजाणता नव्हे. शिदोरी नेण्यातही दोष नाही. वारीच्या दिंड्याही आपली शिधासामग्री बरोबर नेतात. पण वाटेवरच्या गावाने पुढे केलेली भाकरी दिंडी नाकारीत नाही. केवळ शिदोरीवर जग पाहून येणाऱ्याने परक्याचे ऋण टाळले असेल. परक्याशी नाते जोडण्याची संधीही त्याबरोबर टाळली.

आपण सीमाभागातले लोक. 1956 साली रेषा ओढली गेली तेव्हा बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. काही गावे इकडे, काही तिकडे गेली. पण शेजारणीची पुंडीपल्ले आपल्या घरात येत राहिली आणि आपली पुरणपोळी तिच्याकडे जात राहिली. 'ऊट आयता?' या प्रश्नाला आपण मराठीत उत्तर देतो आणि कोणाचे काही अडत नाही. तोक्योला निघालेल्या नातवंडांना मेतकूट आणि शेंगाची चटणी अवश्य बांधून द्यावी. त्याबरोबर एवढेही सांगावे, की नियम पाळायचा असेल तर त्याची झळ आपण सोसायची. आणि ज्याने वाढले त्याला, पैसे दिले असले तरी, दोन्ही हात जोडून उठायचे.