कैफियत न मांडता

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे, आणि त्या बाजूस फिरकणारा मराठी माणूस बहुधा त्याच ओढीने फिरकतो, मीही तसाच जात असता वाटेतल्या एका टपरीवर चहास उशीर झाला म्हणून चहावाल्याला नको तितके बोललो, आणि सोबतच्या स्नेह्याच्या मुद्रेवर नापसंती दिसताच म्हणालो, "मी स्पष्टवक्ता माणूस, पोटात एक आणि ओठात एक मला जमत नाही."

ही सबबच मला पुढे टोचत राहिली. आपण मराठी माणसांनी उद्धटपणास स्पष्टवक्तेपणाची वस्त्रे दिली, तोंडाळास 'मनाने निर्मळ' असा दाखला दिला आणि 'स्वभावाला औषध नाही' असा शेरा मारून सारे प्रकरण दप्तरी दाखल केले. ख्रिस्ती शिकवण येथे तहकुबी देत नाही. याकोबाच्या पत्रात जिभेला सुकाणूची आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीची उपमा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात व्यर्थ शब्दाचाही हिशेब मागितला आहे. समोरचा मंद होता, मी दमलो होतो, ऊन फार होते, असल्या कलमांना तेथे जागा नाही. हुकूम साधा आहे, आणि साधा असल्यामुळेच तामिलीऐवजी त्याचा अर्थ लावण्यात आपला काळ जातो.

शेजारचा टिळक मार्ग लोकमान्यांचा. मला मात्र आठवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, कवी, दयाळू आणि विलक्षण तापट. तो तापटपणा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लपवला नाही. परंतु त्याहून मोलाचे हे की, स्वतःचे सोवळे, स्वतःचे अज्ञान आणि स्वतःचे रुसवे सांगतानाही त्या बचावाची कैफियत मांडत नाहीत, हसतात आणि पुढे जातात. स्वतःस पामर म्हणवून घेणे मला नम्रता वाटत असे. पण पामरही आपल्या कथेचा नायकच राहतो. ज्याच्या नावाच्या रस्त्याने मी चाललो होतो, तो पृथ्वी विश्वाच्या केंद्रस्थानी नाही असे १५४३ च्या ग्रंथात मांडणारा कोपर्निकस चर्चचाच सेवक होता. ते शाळेत पाठ केलेला मी टपरीवर मात्र स्वतःस केंद्रस्थानीच ठेवून उभा होतो.

परतताना तेथे पुन्हा थांबलो आणि "गलती मेरी थी" एवढेच म्हणालो. 'पण' जिभेवर आला होता, तो गिळला. चहावाल्याने मान हलवली, चहा दिला आणि पैसे मोजून घेतले.