चुकलेल्या खुणेचे ऋण

एखाद्याने आपल्याला भलत्याच घराचा पत्ता सांगितला, आणि त्या वाटेने जाताना आपल्याला त्याहून मोलाचे घर सापडले, तर पत्ता सांगणाऱ्याचे आपण ऋणी ठरतो काय? प्रश्न तर्कक्रीडेचा वाटेल. पण सदाफुलीच्या बाबतीत तो खराखुरा उभा राहिलेला आहे.

सदाफुली आपल्या अंगणात इतकी रुळली आहे, की ती परकी आहे यावर कुणाचा विश्वास बसू नये. आम्ही राहतो त्या हिंदी मुलखात तिला सदाबहार म्हणतात, बंगाली शेजारी नयनतारा म्हणतात. मूळ मात्र तिचे मादागास्कर बेटातले. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ मध्ये तेथील एका डॉक्टराने ती पाने कॅनडात धाडली आणि ती रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. उंदरांना अर्क तोंडाने दिला, तेव्हा रक्तातील साखर जागची हलली नाही. शिरेतून टोचला, तेव्हा उंदीर काही दिवसांतच जंतुसंसर्गाने मेले. मधुमेहापुरती कथा येथे संपली होती. परंतु उंदीर मेले ते का, हे नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी शोधले. रक्तातील पांढऱ्या पेशी विलक्षण घटल्या होत्या. मग याच पेशी बेसुमार वाढतात त्या रोगात हे विष उपयोगी पडेल काय? १९५८ पर्यंत विनब्लास्टिन हाती आले. पुढे अमेरिकेतील संशोधकांनी त्याच झाडातून विनक्रिस्टिन काढले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते.

शेजारच्या एका गृहस्थांचा नातू याच रोगाने आजारी होता. इस्पितळातील उपचार थांबवून सदाफुलीचा रस द्यावा काय, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हणालो. "मग औषध तिच्यातूनच कसे निघाले?" या त्यांच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर नव्हते. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो सुकी पाने लागतात. विनक्रिस्टिन शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले, तर रोगी दगावतो. पान आणि औषध यांमध्ये एवढे अंतर आहे. नातवाला सलाईनमधून सदाफुलीच मिळत आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा कुठे ते शांत झाले.

म्हणून, पूर्वजांना सारे ठाऊक होते, या उद्गाराची मला भीती वाटते. त्यात अभिमान कमी आणि धोका अधिक. काढा उकळणाऱ्या जमैकातील म्हातारीला कर्करोगावरील गुणाची कल्पना नव्हती, आणि मधुमेहाविषयीची तिची खात्रीही त्या प्रयोगात टिकली नाही.

तर मग तिने काहीच दिले नाही, सारा योगायोग, असे म्हणावे? तेही मला पटत नाही. पृथ्वीवर लाखो वनस्पती आहेत. त्यांतून नेमके हेच पान प्रयोगशाळेच्या मेजावर आले, ते पिढ्यान्‌पिढ्या कुणी उकळून प्याले म्हणून. अमेरिकेतील ज्या कंपनीने या झाडाची स्वतंत्रपणे तपासणी केली, तिनेही ते निवडले ते मधुमेहावरील लोकसमजुतीमुळेच. नोबल यांची चिकाटी थोर खरी. पण चिकाटीला आधी काहीतरी विषय लागतो.

माझ्या मते ऋण सांगितलेल्या गोष्टीच्या खरेपणातून निर्माण होत नाही. म्हातारीने स्वतः जे घेतले, तेच दुसऱ्याला निःशंकपणे दिले, यात ते आहे. पण फेड कशी करावी, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्या २००२ च्या जैविक विविधता कायद्याने पारंपरिक ज्ञान जपणाऱ्यांना लाभाचा वाटा देण्याचे तत्त्व मान्य केले आहे, आणि ते योग्यच झाले. मात्र कोणते ज्ञान दिले, असे कुणी त्या म्हातारीला विचारले असते, तर ती प्रामाणिकपणे म्हणाली असती, "मधुमेहाचे." आणि तिच्या त्या उत्तरावरून तिला रिकाम्या हाताने परत पाठवणे कायद्याला सहज जमले असते.