समुद्रवाटेने आलेला इस्लाम : ठाणे आणि उत्तर कोकण

महाराष्ट्रातील इस्लामचा इतिहास बहुतेक मराठी पुस्तकांत १२९६ साली, अल्लाउद्दीन खल्जीच्या देवगिरीवरील स्वारीने सुरू होतो. देशावरच्या राजकीय इतिहासापुरती ही सुरुवात चालून जाते. पण ठाणे, कल्याण, सोपारे, चौल आणि संजाण या बंदरांच्या पट्ट्याला तीच मोजपट्टी लावली, की लेखी पुराव्यांनी सिद्ध होणारी निदान चार शतके हिशेबाबाहेर राहतात, आणि या किनाऱ्यावरचा मुसलमान हा फौजेच्या मागून आलेला माणूस होता असा एक पक्का समज मागे उरतो. ज्या शहराचा नौपाडा हा भाग आज मराठी मध्यमवर्गाच्या वाचनाचे आणि व्याख्यानमालांचे ठिकाण म्हणून ओळखला जातो, त्या ठाणे शहराचे नाव इस्लामच्या अगदी पहिल्या पिढीच्या वृत्तान्तात येते, ही गोष्ट खुद्द ठाणेकरांच्याही कानावर क्वचितच पडलेली असते.

हा वृत्तान्त समजण्यासाठी आरंभीचा कालपट डोळ्यांसमोर हवा. मक्केतील कुरैश या व्यापारी टोळीत सुमारे ५७० साली जन्मलेले मुहंमद पैगंबर यांना ६१० साली पहिला ईश्वरी संदेश मिळाला, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. एकेश्वरवादाच्या या शिकवणीला मक्केतील प्रतिष्ठितांचा विरोध वाढत गेल्यावर ६२२ साली त्यांनी मदिनेस स्थलांतर केले, आणि याच स्थलांतरापासून, म्हणजे हिजरतीपासून, हिजरी सन मोजला जातो. ६३२ साली पैगंबरांचे निधन झाले, तेव्हा समाजाचे नेतृत्व कोणी करायचे हा प्रश्न उभा राहिला. अबू बक्र, उमर, उस्मान आणि अली हे चौघे क्रमाने खलिफा, म्हणजे पैगंबरांच्या मागे समाजाचा कारभार पाहणारे उत्तराधिकारी झाले, आणि त्यांपैकी उमर यांच्या कारकिर्दीत (६३४ ते ६४४) अरबांची सत्ता इराक, सिरिया आणि मिसरपर्यंत पोहोचली.

याच काळातली ठाण्याची हकीकत अल्-बलाजुरी या नवव्या शतकातील इतिहासकाराने नोंदवली आहे. बहरीन आणि उमानचा अधिकारी उस्मान बिन अबुल आस याने हिजरी १५ च्या सुमारास, म्हणजे ६३६-३७ साली, खलिफाची परवानगी न घेता ठाण्यावर आरमार धाडले. ते परत आल्यावर त्याने मदिनेस कळवले, तेव्हा उमर यांनी शाबासकी देण्याऐवजी त्याला खरमरीत पत्र लिहिले, आणि या स्वारीत माणसे दगावली असती तर तितकीच माणसे तुझ्या टोळीतून वसूल केली असती, अशा आशयाची तंबी दिली. बलाजुरीने हे लिहिले ते घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, त्यामुळे तपशिलांबाबत इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत. मात्र दोन गोष्टी या नोंदीतून निश्चित दिसतात. एक म्हणजे अरबी आखातातील खलाशांना ठाण्याचे बंदर चांगले ठाऊक होते. आणि दुसरी म्हणजे उमर यांना समुद्रावरील मोहिमांचा भरवसा नव्हता, कारण पुढे सिरियाच्या मुआवियालाही त्यांनी आरमारी मोहिमेची मोकळीक दिली नाही. ही स्वारी खरोखर झाली असेल, तर तिच्यातून ठाण्यात ना राज्य उभे राहिले, ना वसाहत. पुढे या किनाऱ्यावर जो इस्लाम रुजला तो व्यापाऱ्यांनी आणला.

नवव्या-दहाव्या शतकांत अरबी लेखक दख्खनच्या राष्ट्रकूट सम्राटाचा उल्लेख ‘बल्हरा’ असा करतात, जे ‘वल्लभराज’ या बिरुदाचे त्यांच्या कानांनी टिपलेले रूप आहे, आणि अरबांवर मर्जी असणारा राजा म्हणून त्याची तारीफ करतात. इब्न हौकल हा भूगोलकार सांगतो, की संजाण, सोपारे, चौल या नगरांत जुम्म्याची सामुदायिक नमाज होते अशा जामा मशिदी आहेत आणि मुसलमानांवर मुसलमान अधिकारीच नेमला जातो. बगदादचा प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ च्या सुमारास, चौलला आला तेव्हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ गादीवर होता. मसूदीच्या अंदाजाने चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान होते. त्यांत सिराफ, उमान, बसरा आणि बगदादहून आलेले व्यापारी होते, तसेच ‘बयासिरा’ म्हणजे याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले लोकही होते. हा दुसरा वर्ग फार महत्त्वाचा आहे. चौलचे मुसलमान दहाव्या शतकाच्या आरंभीच परके उरले नव्हते, आणि तेव्हा दिल्लीत सुलतान यायला जवळजवळ तीन शतके बाकी होती.

याहून बोलका पुरावा डहाणूजवळच्या चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांत आहे. शके ८४८, म्हणजे ९२६ साली, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात कोरलेल्या ताम्रपटात संजाण मंडळाचा कारभार ‘मधुमती’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, मांडलिकाकडे असल्याचे म्हटले आहे, आणि मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत वळण आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याच्याकडे हा प्रांत सोपवला होता. या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत तरीची सोय केली आणि भात, कालवण व तूप वाढणारे अन्नछत्र चालवले, असे ताम्रपट सांगतो. आणि ताम्रपटाचा मूळ विषय आहे देवीच्या मठिकेला दिलेले दान, ज्याला या अरब अधिकाऱ्याची संमती होती. त्याच गावच्या १०३४ सालच्या ताम्रपटात संजाणच्या प्रतिष्ठित नागरिकांमध्ये अलिय, महर, मधुमत अशी अरबी वळणाची नावे इतरांच्या बरोबरीने येतात. शिलाहार राजांची बंदरे याच व्यापारावर चालत. अनंतदेवाच्या १०९५ च्या सुमाराच्या खारेपाटण ताम्रपटात श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारे आणि चेमुली म्हणजे चौल या बंदरांतील जकातीची माफी नोंदलेली आहे. व्यापाराचा स्वार्थ हे या सहजीवनाचे मुख्य कारण होते हे उघड आहे, पण स्वार्थातून आलेले सहजीवन खोटे असते असे मानण्याचे कारण नाही.

कोकणी मुसलमानांच्या धर्माचरणावर या समुद्रवाटेची खूण आजही दिसते. सुन्नी पंथात धर्मशास्त्राच्या चार परंपरा आहेत, ज्यांना मजहब म्हणतात : कुफा येथील अबू हनिफा (६९९ ते ७६७) यांची हनफी, मदिनेच्या मालिक यांची मालिकी, गाझा येथे जन्मलेल्या आणि मिसरमध्ये वारलेल्या इमाम शाफिई (७६७ ते ८२०) यांची शाफिई, आणि अहमद बिन हनबल यांची हनबली. चौघांचा कुराण आणि पैगंबरांच्या आचारविचारांच्या परंपरेवर, म्हणजे सुन्नेवर, सारखाच विश्वास आहे; फरक आहे तो नियम काढण्याच्या पद्धतीत. मध्य आशियातून खुष्कीने आलेले तुर्क-अफगाण हनफी होते, म्हणून उत्तर हिंदुस्थानातला मुसलमान बहुतांशी हनफी आहे. येमेनपासून पूर्व आफ्रिका, मलबार आणि थेट इंडोनेशियापर्यंत मात्र हिंदी महासागराचा काठ शाफिई आहे आणि कोकण याच काठावर येते. कल्याण, भिवंडी, महाड, चिपळूण, रत्नागिरी येथील जुनी कोकणी मुसलमान घराणी शाफिई आहेत, मराठीचीच एक बोली घरात बोलतात, आणि नाखवा म्हणजे जहाजाचा तांडेल, फकीह म्हणजे धर्मशास्त्री, खतीब म्हणजे जुम्म्याचे प्रवचन देणारा, काझी म्हणजे न्यायाधीश, अशी आडनावे खोत, देशमुख, दळवी, सुर्वे या आडनावांच्या शेजारी बाळगतात.

शाफिई आणि हनफी यांच्यातला हा फरक मशिदीत आणि स्वयंपाकघरात प्रत्यक्ष पाहता येतो. दिवसातून पाच वेळा, पहाटेची फजर, दुपारची जुहर, उन्हे उतरतानाची असर, सूर्यास्ताची मगरिब आणि रात्रीची इशा, अशी नमाज दोघांनाही सारखीच बंधनकारक आहे. पण शाफिई मताने वस्तूची सावली, मध्यान्हीची सावली वजा जाता, वस्तूइतकी लांब झाली की असरची वेळ लागते, तर हनफी मताने ती दुप्पट व्हावी लागते, त्यामुळे एकाच वस्तीतल्या दोन मशिदींच्या असरच्या अजानीत सुमारे तासाभराचे अंतर पडू शकते. शाफिई नमाजी वाकण्यापूर्वी आणि वाकून उठल्यावर दोन्ही हात खांद्यापर्यंत उचलतो, ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो आणि फजरच्या नमाजेत कुनूत नावाची प्रार्थना जोडतो. हनफी यांतले काही करत नाही. ताटातला फरक तर अधिक ठळक आहे. शाफिई मताने समुद्रातले बहुतेक सगळे जीव खाण्यास मोकळे आहेत, हनफी मताने फक्त मासा; म्हणून कोकणी घरात कुर्ल्यांचे कालवण आणि तिसऱ्या आनंदाने शिजतात, तर हनफी शेजारी कुर्ल्यांना हात लावत नाही आणि कोलंबी मासा ठरते की नाही यावर त्याच्या शास्त्र्यांत एकमत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्राचे अन्न वर्ज्य न करणारा मजहब या भूमीत टिकला, यात नवल नाही.

हनफी परंपरा ठाणे जिल्ह्यात मुख्यत्वे १८५७ च्या उठावानंतर वाढली. त्या धामधुमीनंतर उत्तर प्रदेशातून मोमीन-अन्सारी विणकर भिवंडीत येऊ लागले, मागांचे गाव उभे राहिले, आणि त्यांच्यासोबत उत्तरेतले वादही आले : १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या मदरशाची शुद्धीवादी परंपरा, आणि बरेलीच्या अहमद रझा खान (१८५६ ते १९२१) यांना मानणारी, पीर, दर्गे, उरूस यांचा कैवार घेणारी परंपरा. दोन्ही हनफीच. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या वस्तीत किती बारीक भेद असतात, हे यावरून ध्यानी यावे.

हे सगळे भेद सुन्नींमधले; शिया पंथाचा उगम मात्र पैगंबरांच्या उत्तराधिकाराच्या वादात आहे. नेतृत्व पैगंबरांचे जावई अली आणि त्यांच्या वंशातील इमामांकडेच असायला हवे होते असे मानणारे ते शिया. ६८० साली, मोहरमच्या दहाव्या दिवशी, अलींचे पुत्र हुसेन करबला येथे मारले गेले, आणि तो शोक या पंथाच्या आचाराचा गाभा झाला. महाराष्ट्रात हा शोक पंथाच्या आणि धर्माच्याही सीमा ओलांडून गेला. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभे करतात. मुंबई-ठाण्याच्या बाजारपेठांतले दाऊदी बोहरा आणि खोजा हे शियांच्या इस्माइली शाखेतले. बोहरा येमेनमार्गे गुजरातेत रुजले, तर खोजांचे इमाम आगाखान आहेत हे १८६६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती आर्नोल्ड यांच्या निकालाने ठरले.

सहजीवनाच्या या इतिहासाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकू नये. चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाणे दिल्लीच्या सुलतानांच्या अमलाखाली गेले, आणि १३२१ साली येथेच चार ख्रिस्ती धर्मप्रचारकांना, काझीसमोर झालेल्या धार्मिक वादानंतर, ठार मारण्यात आले. शिलाहारांच्या राज्यातला पाहुणा व्यापारी आणि सत्ता हाती असलेला अधिकारी, दोघांचा धर्म एकच असला तरी वागणे एक नव्हते. हा नियम कोणत्याही धर्माला लागू पडतो, कारण पुढे १५३४ नंतर पोर्तुगीजांनी याच पट्ट्यात देवळे आणि मशिदी दोन्ही पाडल्या.

सत्तेपासून अंतर राखलेली सूफी परंपरा मात्र लोकांत मुरली. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे अरबी वंशपरंपरा सांगणाऱ्या नवाइत समाजातले शाफिई शास्त्री होते. त्यांनी कुराणावर अरबी भाष्य लिहिले, आणि आज त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मानाचा असतो. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजी मलंग यांचा दर्गा आहे, असे मुसलमान मानतात आणि मच्छिंद्रनाथांची समाधी आहे, असे अनेक हिंदू मानतात. वहिवाट केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आली, आणि उरूस माघ पौर्णिमेला भरतो. हिजरी सन निव्वळ चांद्र असून त्यात अधिक मास धरत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. अशा पंचांगाच्या समाजात एका पिराचा उरूस मराठी तिथीने व्हावा, ही बाब गडाच्या मालकीवरून १९८० च्या दशकापासून धुमसणाऱ्या वादात कोणी फारशी विचारात घेत नाही.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली असंख्य मुसलमान कुटुंबे मुंब्र्यात आली आणि ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीतच एक वेगळे गाव वाढले. नौपाडा आणि मुंब्रा यांच्यामध्ये धीम्या लोकलचे कळवा हे एकच स्थानक आहे, पण दोन्हीकडची मुले एकमेकांविषयी जे जाणतात ते बहुतेक बातम्यांतून. या शहराचा इतिहास शिकवताना सुरुवात देवगिरीच्या स्वारीने न करता झंझ राजाच्या चौलने आणि मधुमतीच्या अन्नछत्राने करावी, ही मागणी शाळांनी आणि पालकांनी लावून धरली पाहिजे. वा. वि. मिराशी यांचा ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा ग्रंथ मराठीत उपलब्ध आहे, आणि ठाण्याच्या वाचकाने त्यापासूनच आरंभ करावा.