ताप उतरतो तेव्हा

पावसाळ्यात कामशेतच्या आसपासच्या गोठ्यांत पहाटे कडुनिंबाचा पाला धुमसत असतो. धार काढून होईपर्यंत माशांनी गुरांना स्वस्थ उभं राहू द्यावं, एवढीच त्या धुराकडून अपेक्षा. इंद्रायणीच्या काठचा ओलावा आणि भाताची चिखलखाचरं म्हटल्यावर माशा आल्याच. त्यांतली मोठी, कडकडून चावणारी माशी एका जनावरावरून उठून दुसऱ्यावर बसते, तेव्हा तोंडाला लागलेलं रक्तही सोबत नेते. त्या रक्तातून कधी कधी ‘सर्रा’ गोठाभर फिरतो.

या रोगाचा परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याला डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात सापडला. जीव एका पेशीचा. पण त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीनं उभे असतात. तो त्याचा अंगरखा. शरीर हा अंगरखा ओळखतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. परजीवी पटापट मरतात आणि ताप उतरतो. मात्र तोवर त्यांतल्या काहींनी वेगळ्या प्रथिनाचा अंगरखा चढवलेला असतो. त्यांची संख्या वाढते आणि ताप पुन्हा चढतो. असे शेकडो अंगरखे त्याच्या जनुकांत घडी घालून ठेवलेले आहेत.

माणसाला हा आजार सहसा होत नाही. आपल्या रक्तात एपोएल-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते अंगरख्याकडे बघतच नाही. परजीवी ते गिळतो आणि ते त्याला आतूनच भोकं पाडून मारतं. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात मात्र सर्राचा परजीवी निघाला. ताप चढत होता, उतरत होता, पुन्हा चढत होता. खात्रीनं सिद्ध झालेला हा जगातला पहिला मानवी रुग्ण. सुरामिन या औषधानं तो बरा झाला. २००६ मध्ये कारण कळलं: त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. इतकी वर्षं गुराढोरांत काढली, पण ही उणीव ना त्याला जाणवली, ना कुणाला दिसली.

आपल्या बहुतेकांच्या रक्तात हा राखणदार जन्मभर जागा असतो आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. गोठ्यातल्या गाईकडे तो नाही. तिच्याकडे आहे ती फक्त अंगरखा ओळखणारी नजर, आणि ती दर खेपेला एक पाऊल मागे पडते.

म्हणून गाईचं अंग निवलं, ती वैरणीला तोंड लावू लागली, तरी लगेच निश्चिंत होऊ नये. ताप येऊन-जाऊन असेल, दूध आटत असेल, तर गुरांच्या डॉक्टरांकडून रक्ताची काच तपासून घ्यावी.